धातूंची बोरोहायड्राइडे आणि हायड्रोजनचा घन साठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनच्या साठवणुकीविषयी वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत बोरोहायड्राइडांवरचे काही प्रश्न पुन्हापुन्हा येतात. विचारणाऱ्यांत एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत आणि ऊर्जेच्या क्षेत्रात काम करणारे अभियंतेही आहेत. ते प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धातूंची बोरोहायड्राइडे म्हणजे नेमके काय? त्यांच्यात हायड्रोजन वायू भरून ठेवलेला असतो का?

नाही, हायड्रोजनचे रेणू त्यांच्यात कोठेही कोंडलेले नसतात. एका बोरॉन अणूभोवती चार हायड्रोजन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. या गटावर एक ऋण प्रभार असतो आणि लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम अशा धातूचा धन आयन त्याचा तोल सांभाळतो. म्हणजे ही एका अर्थाने क्षारच आहेत, आणि त्यांची पांढरी पूड दिसायलाही मिठासारखीच असते. पुरेशी उष्णता दिली की बोरॉन-हायड्रोजन बंध तुटतात, हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि मागे धातूचे हायड्राइड, बोरॉन किंवा बोराइड असे घन पदार्थ उरतात. या संयुगांचा पाया शिकागो विद्यापीठात हर्मन श्लेसिंजर आणि हर्बर्ट ब्राउन यांनी १९४०च्या सुमारास घातला. पुढे ब्राउन यांना १९७९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२. उच्च दाबाच्या टाक्या उपलब्ध असताना घन पदार्थाचा खटाटोप कशासाठी?

मुख्यतः जागेसाठी. ७०० बार दाबाला एक लिटर जागेत सुमारे ४० ग्रॅम हायड्रोजन मावतो. उणे २५३ अंश सेल्सियसला द्रवरूप केला तर सुमारे ७१ ग्रॅम मावतो, पण ते तापमान टिकवण्यासाठी बरीच ऊर्जा मोजावी लागते. लिथियम बोरोहायड्राइडच्या एका लिटरमध्ये मात्र सुमारे १२१ ग्रॅम हायड्रोजन असतो आणि तोही सामान्य तापमानाला व साध्या दाबाला. शिवाय तो वायूरूपात नसल्याने टाकी फुटून एकदम बाहेर पडण्याचा धोका नसतो. या पदार्थांचे स्वतःचे वेगळे धोके आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न १३ पाहावा.

३. इतका हायड्रोजन मावत असेल, तर हे पदार्थ अजून वाहनांत का आले नाहीत?

अडचणी तीन आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

पहिली अडचण उष्मागतिकीची. हायड्रोजन बाहेर पडताना किती उष्णता लागते, म्हणजेच एन्थाल्पीतील बदल किती आहे, यावर एक बार दाब मिळण्याचे तापमान ठरते. एन्थाल्पीतील बदलाला एन्ट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) बदलाने भागले की ते तापमान केल्व्हिनमध्ये मिळते. दर मोल हायड्रोजनमागे ४० किलोज्यूल आणि १३० ज्यूल प्रतिकेल्व्हिन धरले, तर ते सुमारे ३५ अंश सेल्सियस येते आणि इंधन घटाला (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या साधनाला) हेच सोयीचे आहे. लिथियम बोरोहायड्राइडसाठी हे आकडे सुमारे ७४ किलोज्यूल आणि ११५ ज्यूल असे आहेत, त्यामुळे केवळ सिद्धांतानेच तापमान ३७० अंशांच्या आसपास जाते. हायड्रोजन जाळून मिळणाऱ्या सुमारे २४२ किलोज्यूलपैकी ७४ किलोज्यूल तो सोडवण्यातच खर्च होणार असतील, तर जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा वाटेतच गेली असे म्हणावे लागते.

दुसरी अडचण वेगाची. सिद्धांताने सांगितलेल्या तापमानाला अभिक्रिया सुरू होते, पण ती रखडत चालते. प्रत्यक्षात लिथियम बोरोहायड्राइडचा मुख्य हायड्रोजन ४०० अंशांच्या पुढेच निघतो.

तिसरी अडचण परतीच्या वाटेची आहे आणि माझ्या मते खरा पेच येथेच आहे. हायड्रोजन निघून गेल्यावर मागे राहणारा मूलद्रव्यरूपातील बोरॉन अतिशय निष्क्रिय असतो आणि तो लिथियम हायड्राइडपासून वेगळा होऊन बसलेला असतो. त्यांना पुन्हा एकत्र आणून बोरोहायड्राइड घडवायला ६०० अंश सेल्सियस आणि ३५० बार अशी परिस्थिती लागल्याचे २००५ मध्ये दाखवले गेले. म्हणून एखाद्या सुधारणेविषयी वाचताना हायड्रोजन किती अंशांना निघाला हे जरूर पाहावे, पण त्याआधी तो किती परत गेला आणि किती आवर्तनांनंतर (भरण्या-काढण्याच्या फेऱ्यांनंतर) किती उरला हे पाहावे.

४. धातू बदलला की काय बदलते? सर्वांत चांगले बोरोहायड्राइड कोणते?

एकच सर्वोत्तम असे सांगता येत नाही, पण एक उपयुक्त नियम आहे. धातूची विद्युतऋणता जितकी जास्त तितके त्याचे बोरोहायड्राइड कमी स्थिर. युको नाकामोरी, शिन-इची ओरिमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हा संबंध अनेक धातूंसाठी मांडला. सोडियम बोरोहायड्राइड सुमारे ५०५ अंशांना वितळते आणि त्याचे विघटन त्याच्याही पुढे होते. त्यात वजनाने १०.७ टक्के हायड्रोजन असतो. कॅल्शियमचे ११.६ टक्क्यांचे आणि मॅग्नेशियमचे १४.९ टक्क्यांचे संयुग त्यापेक्षा बरेच कमी तापमानाला, साधारण ३०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात, हायड्रोजन सोडते. ॲल्युमिनियमचे संयुग १६.९ टक्क्यांचे आहे, पण ते सामान्य तापमानाला द्रव असते, ४५ अंशांच्या आसपास उकळते आणि दमट हवेत पेट घेते. जस्ताचे संयुग १०० अंशांच्या आसपासच फुटते खरे, पण हायड्रोजनबरोबर डायबोरेन हा विषारी वायूही सोडते. डायबोरेन इंधन घटाला घातक आहेच, शिवाय त्याच्यासोबत बोरॉन कायमचा निघून जातो, म्हणजे परतीची वाटच बंद होते. या दोन टोकांच्या मधले म्हणून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्यावर इतके काम झाले. दोन धातू एकत्र आणून मधला स्वभाव साधण्याचे प्रयत्नही बरेच झाले आहेत, पण त्या संयुगांपैकी अनेक डायबोरेनच्या तक्रारीतून सुटलेली नाहीत.

५. टायटॅनियम क्लोराइड मिसळले की तापमान उतरते असे वाचले. मग उत्प्रेरक घातला की काम झाले ना?

ही आशा सोडियम ॲलनेट या ॲल्युमिनियम व हायड्रोजन असलेल्या क्षाराच्या यशातून आली. जर्मनीतील म्युल्हाइम येथे बोरिस्लाव्ह बोग्दानोविच आणि मान्फ्रेड श्विकार्डी यांनी १९९७ साली दाखवले की टायटॅनियमच्या संयुगांमुळे ॲलनेट हायड्रोजन सोडतेही आणि परत घेतेही. त्यानंतर तोच उपाय बोरोहायड्राइडांवर करून पाहिला गेला. येथे मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

उत्प्रेरक वेग बदलतो, समतोल बदलत नाही. प्रश्न ३ मधील ७४ किलोज्यूल त्याने कमी होत नाहीत. आणि टायटॅनियम क्लोराइड बोरोहायड्राइडात नुसते उत्प्रेरक म्हणून राहत नाही, ते स्वतःच अभिक्रिया करते. लिथियम त्यातील क्लोरीन घेऊन लिथियम क्लोराइड बनवतो आणि टायटॅनियमचे जे बोरोहायड्राइड तयार होते ते अस्थिर व बाष्पशील असते. पहिल्या वेळी तापमान कमी दिसते त्यात या एकेरी अभिक्रियेचाही वाटा असतो.

वजनाचा हिशेबही करून पाहावा. एक मोल लिथियम बोरोहायड्राइड म्हणजे सुमारे २१.८ ग्रॅम. त्यात ०.०५ मोल टायटॅनियम ट्रायक्लोराइड घालायचे तर ते ७.७ ग्रॅम होते, म्हणजे मिश्रणाच्या वजनाच्या एक चतुर्थांशाहून अधिक. ‘पाच मोल टक्के’ हे शब्द वाचताना किरकोळ वाटतात, पण तेवढ्यानेच लिथियम बोरोहायड्राइडमधील एकूण हायड्रोजनचा १८.५ टक्क्यांचा आकडा १३.७ वर येतो आणि तोही अभिक्रियेत गेलेला हायड्रोजन न वजा करता. म्हणून मिश्रणाची टक्केवारी नेहमी पूर्ण वजनावर मागावी.

६. मग समतोलच बदलण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पना मला तीच वाटते. सुरुवातीचा पदार्थ तोच ठेवून शेवटचा पदार्थ बदलायचा. लिथियम बोरोहायड्राइडात मॅग्नेशियम हायड्राइड मिसळले, तर सुटा बोरॉन मागे न राहता मॅग्नेशियम डायबोराइड तयार होते. हा शेवटचा पदार्थ अधिक स्थिर असल्याने एकूण लागणारी उष्णता दर मोल हायड्रोजनमागे सुमारे २५ किलोज्यूलने कमी होते. जॉन वाहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००५ साली अमेरिकेत दाखवले. त्याच सुमारास जर्मनीतील संशोधकही डायबोराइडापासून उलट दिशेने याच निष्कर्षाला पोहोचले होते.

दोन मोल लिथियम बोरोहायड्राइड आणि एक मोल मॅग्नेशियम हायड्राइड यांचे वजन ६९.९ ग्रॅम आणि त्यांतून निघणारा हायड्रोजन चार मोल, म्हणजे ११.५ टक्के. मॅग्नेशियम हायड्राइडसारखा जड भागीदार घेऊनही आकडा दोन अंकी राहतो, आणि मुख्य म्हणजे बोरॉन आता निष्क्रिय रूपात अडकत नाही. डायबोराइडातला बोरॉन पुन्हा हायड्रोजन घ्यायला कितीतरी अधिक तयार असतो. उणीव वेगाची आहे. हिशेबाने २२५ अंशांच्या आसपास जमायला हवे ते प्रत्यक्षात ३५० ते ४०० अंशांना जमते. प्रश्न ५ मधला उत्प्रेरक येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, कारण समतोल आधीच अनुकूल झालेला असतो.

७. हायड्रोजन लवकर निघावा म्हणून याच मिश्रणावर निर्वात लावला, तर डायबोराइड मिळत नाही. असे का?

हायड्रोजन काढायचा असताना दाब ठेवा हे सांगणे उलटे वाटते खरे, पण कारण वाटेतल्या टप्प्यांत आहे. मॅग्नेशियम हायड्राइड आधी फुटते आणि धातुरूप मॅग्नेशियम मोकळे होते. निर्वातात लिथियम बोरोहायड्राइड त्या मॅग्नेशियमची वाट न पाहता एकटेच विघटित होते आणि सुटा बोरॉन मागे ठेवते, म्हणजे प्रश्न ३ मधली तिसरी अडचण पुन्हा समोर उभी राहते. साधारण तीन ते पाच बार हायड्रोजनचा दाब ठेवला, तर हे एकट्याने होणारे विघटन रोखले जाते आणि दोन्ही पदार्थ मिळून डायबोराइड बनवतात. डायबोराइडाची बीजे तयार व्हायला वेळ लागत असल्याने मध्ये काही काळ काहीच घडत नाही असे दिसते. त्या काळात प्रयोग थांबवू नये.

८. नॅनो आकार केल्याने नेमका काय फायदा होतो?

अणूंना प्रवास कमी करावा लागतो. सच्छिद्र कार्बनवर लिथियम बोरोहायड्राइड ठेवून २८० अंशांच्या थोडे पुढे तापवले, की ते वितळून छिद्रांत शिरते. तेथे विघटन झाले तरी बोरॉन आणि लिथियम हायड्राइड काही नॅनोमीटरपलीकडे पांगू शकत नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात १३ नॅनोमीटर छिद्रांच्या कार्बन एरोजेलमध्ये (अतिशय सच्छिद्र, हलक्या कार्बनमध्ये) ३०० अंशांना हायड्रोजन सुटण्याचा वेग मोकळ्या पदार्थाच्या ५० पटींपर्यंत गेला आणि विघटनाच्या तापमानात ७५ अंशांपर्यंत घट झाली. वितळताना पदार्थ फेसाळून भांड्याबाहेर येण्याचा त्रासही यात कमी होतो.

किंमत मात्र वजनात मोजावी लागते. एक ग्रॅम एरोजेलमध्ये एक घन सेंटिमीटर छिद्रे आहेत असे धरले, तर त्यांत लिथियम बोरोहायड्राइडची घनता पाहता ०.६६ ग्रॅमच मावते. म्हणजे एकूण वजनाच्या ४० टक्के. लिथियम हायड्राइड मागे राहत असल्याने मिळू शकणारा हायड्रोजन १३.९ टक्के, त्याचे ४० टक्के म्हणजे साडेपाच टक्के; आणि यात टाकी, नळ्या व उष्णता-विनिमयक अजून धरलेच नाहीत. अधिक पोकळ, तरीही भिंती टिकणारा सांगाडा मिळाल्याशिवाय हा मार्ग वाहनापर्यंत पोहोचणार नाही.

९. आवर्तनागणिक क्षमता घटत जाते, पण एक्स-रे विवर्तनात (स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीत) वेगळे काही दिसत नाही. हायड्रोजन जातो कोठे?

बहुधा डोडेकाबोरेटात. विघटन होताना बारा बोरॉन अणू एकत्र येऊन विसफलकी पिंजरा बनवतात आणि प्रत्येक बोरॉनवर एक हायड्रोजन अडकून राहतो. हा पिंजरा इतका स्थिर आहे, की तो ना पुढे जाऊन उरलेला हायड्रोजन सहज सोडतो, ना मागे फिरून बोरोहायड्राइड होतो. तो बहुतेक वेळा अस्फटिक असल्याने विवर्तनात त्याची रेषा उमटत नाही. त्यासाठी घन नमुन्याचा बोरॉन-११ एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात बोरॉन अणूंचा परिसर ओळखणारा वर्णपट) घ्यावा लागतो. मूळ लिथियम बोरोहायड्राइडचे शिखर उणे ४१ पीपीएमच्या आसपास असते आणि डोडेकाबोरेटाचे उणे १५ ते १६ च्या आसपास. पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या आवर्तनानंतरचे वर्णपट एकाखाली एक ठेवले की दुसरे शिखर वाढताना डोळ्यांनी दिसते. ही सोय स्वतःच्या विभागात नसली, तरी नमुने इतर संस्थेत पाठवून हे मोजमाप करून घ्यावेच, कारण त्याशिवाय क्षमता घटण्याच्या कारणाविषयी केलेले कोणतेही विधान अंदाजच ठरते.

१०. मॅग्नेशियम बोरोहायड्राइड पुन्हा भरता येते की नाही? दोन्ही उत्तरे वाचनात आली आहेत.

दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण विघटन कुठवर नेले यावर सगळे अवलंबून आहे. मॅग्नेशियम डायबोराइडापर्यंत पूर्ण विघटन केले, तर परतीसाठी ४०० अंश आणि ९०० बारांहून अधिक दाब लागतो. २०१० साली हवाई विद्यापीठातील गटाने अशा परिस्थितीत ११ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन डायबोराइडात भरून दाखवला. याउलट २०० अंशांना अतिशय सावकाश, निर्वातात पाच आठवडे तापवले, तर विघटन ट्रायबोरेनच्या (तीन बोरॉन अणूंच्या गटाच्या) क्षारापाशी थांबते. तेथून २५० अंश आणि १२० बार इतक्या सौम्य परिस्थितीत, दोन दिवसांत, मूळ पदार्थ परत मिळतो. पण या छोट्या फेरीत हायड्रोजन अडीच टक्क्यांच्या आसपासच मिळतो. छोटी फेरी जलद कशी करायची आणि ती प्रश्न ९ मधल्या पिंजऱ्यात न शिरता थोडी लांब कशी न्यायची, हा या संयुगापुढचा आजचा प्रश्न आहे.

११. आमच्या प्रयोगशाळेत सोडियम बोरोहायड्राइड क्षपणक म्हणून नेहमी वापरतात. ते पाण्यात टाकले की हायड्रोजन निघतोच. मग तापवायचे कशाला?

कोबाल्ट किंवा रुथेनियमचा उत्प्रेरक असेल, तर सामान्य तापमानालाही पाण्याशी अभिक्रिया होऊन भरपूर आणि शुद्ध हायड्रोजन मिळतो, शिवाय त्यातला निम्मा पाण्यातून येतो. पण ही वाट एकेरी आहे. मागे उरते ते सोडियम मेटाबोरेट, आणि त्यातील बोरॉन-ऑक्सिजन बंध फार मजबूत असल्याने ते वाहनातच पुन्हा भरता येत नाही. कारखान्यात नेऊन मोठी ऊर्जा खर्चूनच बोरोहायड्राइड परत घडवावे लागते. टाकणखारापासून बोरॉनची जी साखळी सुरू होते, तिच्यातही एक मोल सोडियम बोरोहायड्राइडसाठी चार मोल सोडियम हायड्राइड लागते. शिवाय मेटाबोरेट विरघळलेले राहावे म्हणून पाणी जास्त घ्यावे लागते. वीस टक्क्यांचे द्रावण घेतले, तर त्याच्या वजनाच्या ४.३ टक्केच हायड्रोजन मिळतो. या कारणांमुळे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००७ साली वाहनांसाठी हा मार्ग पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. लहान, सुटसुटीत वीजस्रोतांसाठी तो आजही विचार करण्यासारखा आहे.

१२. समजा, योग्य पदार्थ मिळाला. पेट्रोलसारखा पाच मिनिटांत तो भरता येईल का?

येथे उष्णतेचा हिशेब आडवा येतो. हायड्रोजन काढताना जितकी उष्णता द्यावी लागते, तितकीच तो भरताना बाहेर पडते. पाच किलो हायड्रोजन म्हणजे सुमारे २,४८० मोल. दर मोलमागे अगदी आदर्श असे ४० किलोज्यूल धरले, तरी ९९ मेगाज्यूल उष्णता होते. ती पाच मिनिटांत काढायची, तर ३३० किलोवॅट क्षमतेची शीतन व्यवस्था लागेल, आणि ही पूड उष्णतेची वाईट वाहक असते. म्हणून टाकीचा आराखडा आणि पदार्थ यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. ग्रॅफाइट मिसळून दाबलेल्या वड्या हा त्यातला एक उपाय आहे.

१३. पावसाळ्यात ही संयुगे हाताळताना काय काळजी घ्यावी?

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत लिथियम आणि मॅग्नेशियमची संयुगे उघड्यावर तोलण्याचा विचारही करू नये. सर्व काम आर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत), पाणी आणि ऑक्सिजन एक पीपीएमखाली (दहा लाखांत एका भागाहून कमी) ठेवून करावे, आणि विवर्तनाचा नमुनाही बंद केशनळीतच न्यावा. आगीवर पाणी कदापि टाकू नये; कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची पूड हाताशी ठेवावी. बॉल मिलचे (गोळ्यांनी पूड दळणाऱ्या यंत्राचे) भांडे ग्लोव्ह बॉक्सबाहेर उघडू नये, कारण आत साचलेला वायू दाबाखाली असू शकतो.

१४. आमच्या टीजीएत (तापवताना वजन मोजणाऱ्या उपकरणात) वजनातील घट सैद्धांतिक आकड्यापेक्षा जास्त आली. हा शोध आहे का?

नाही, ती धोक्याची खूण आहे. टीजीए फक्त वजन मोजते. काय गेले हे तिला कळत नाही. मॅग्नेशियम बोरोहायड्राइड इथरमध्ये तयार केले असेल, तर उरलेला इथर निघतो. अमोनियाबरोबरच्या संयुगातून अमोनिया निघतो. काही संयुगांतून डायबोरेन. सोबत निघणारा वायू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडावा आणि तोच नमुना घनफळ मोजणाऱ्या सिव्हर्ट्स उपकरणातही तपासावा. दोन्ही आकडे जुळले तरच तो हायड्रोजन समजावा. उलट, भरताना उच्च दाबाला सिव्हर्ट्सची चूक वाढते, म्हणून तेथे नमुना फार थोडा घेऊ नये.

१५. हे पदार्थ वाहनांत येणार नसतील, तर त्यांच्यावरचे काम वाया गेले असे समजायचे का?

तसे समजण्याचे कारण नाही. जेथे वजनाला महत्त्व नाही आणि वाया जाणारी उष्णता हाताशी आहे, अशा एका जागी उभ्या साठ्यांसाठी ३०० अंश ही अडचण तितकी मोठी राहत नाही. दुसरा लाभ अनपेक्षित दिशेने आला. लिथियम बोरोहायड्राइड ११० अंशांच्या पुढे स्फटिकरचना बदलते आणि त्यातून लिथियमचे आयन सुमारे हजारपट सहज वाहू लागतात, हे जपानमधील संशोधकांनी २००७ साली दाखवले. आयोडाइड मिसळून ती रचना सामान्य तापमानालाही टिकवता येते. त्यामुळे घन विद्युतअपघटनी (आयन वाहून नेणारा पदार्थ) असलेल्या बॅटऱ्यांसाठी या संयुगांचा आणि प्रश्न ९ मधल्या बोरॉन-पिंजऱ्यांच्या क्षारांचा गंभीरपणे अभ्यास होत आहे.

१६. एकाच मिश्रणाचे विघटन-तापमान दोन शोधनिबंधांत ५० अंशांनी वेगळे का असते?

कारण ते तापमान केवळ पदार्थाचा स्थिर गुणधर्म नसून प्रयोगाच्या पद्धतीचेही फलित असते. मिनिटाला दोन अंशांऐवजी दहा अंशांनी तापवले की शिखर, म्हणजे हायड्रोजन सर्वाधिक वेगाने निघण्याचे तापमान, वर सरकते. आर्गॉनच्या प्रवाहात, निर्वातात आणि पाच बार हायड्रोजनमध्ये मार्गच बदलू शकतो, हे प्रश्न ७ मध्ये आलेच आहे. कोणी पहिला हायड्रोजन दिसला ते तापमान सांगतो, कोणी शिखराचे. बॉल मिलच्या वेळेने आणि भांड्याच्या झिजेतून आलेल्या लोखंडानेही फरक पडतो. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी तापवण्याचा वेग, वायू व त्याचा दाब, नमुन्याचे वजन आणि तो कितव्या आवर्तनातला आहे, एवढ्या चार गोष्टी दोन्ही ठिकाणी सारख्या आहेत का ते तपासावे. त्या दिलेल्याच नसतील तर त्या आकड्यावर स्वतःच्या प्रयोगाची आखणी करू नये.